बाहुलीचा डावा पाय

४ मार्च

ठके,

तीन वर्षांनी पत्र येतं आणि ओळी किती, तर पाच. पाकिटावरचं तिकीट मात्र काटकोनात चिकटवलंय, तेवढं माझं उचललंस. मी दारातच उभा राहून वाचलं, मग आत येऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं. पुन्हा पाचच.

लिहितेस, माझ्या बाहुल्यांचे तुकडे फेकले नसतील तर पाठवा. लिहितेस, एका प्रश्नाचं उत्तर द्या: आईला तो पाय लागत होता, हे तुम्हाला माहीत होतं का? उत्तर काहीही असो, मी घरी येईन, फक्त खरं लिहा. संपलं. खाली सही म्हणून नुसतं 'मी'. तब्येत कशी आहे, जेवता काय, गुडघे दुखायचे थांबले का, काही नाही. कोर्टाची नोटीससुद्धा 'महोदय' म्हणते.

तुकडे फेकलेले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलेत. प्रेमापोटी ठेवले असं समजू नकोस. मला त्यांची किळस येते, आणि किळस आलेल्या वस्तूला दुसऱ्यांदा हात लावायला नको म्हणून राहिले. त्या दिवशी झाडूने लोटून सुपडीत भरले होते. धूळ, केस, एक पेन्सिलीचं टोक, सगळं त्यातच आहे.

त्या दिवसाचं तू विचारलेलं नाहीस, पण सांगतो. सकाळपासून वर्कशॉपमध्ये एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. चार तास घामाघूम होऊन तो मी केलेल्या पायांवर दोन दांड्यांच्या मधे उभा राहिला आणि लहान पोरासारखा हसला. ते बघून मी घरी आलो, तर माझी एकोणतीस वर्षांची मुलगी जेवणाच्या टेबलावर अकरा टकल्या, बहुतेक नागड्या, बोटाएवढ्या बायका मांडून बसलेली. चिमट्याने एकीला मांडी जोडत होतीस. म्हणालीस, "बाबा, बघा ना, हिचा गुडघा तुमच्यापेक्षा छान वळतो." मला भडभडून आलं. रडू नव्हे, ओकारी. तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. हातात पिशवी होती, पिशवीत पट्टे कापायची कात्री होती. सगळ्यांच्या आतलं इलॅस्टिक कापलं मी, एकीलाही सोडलं नाही. तू चिमटा खाली ठेवलास आणि बॅग भरून निघून गेलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

पाठवतो. जरा वेळ लागेल, माळ्यावर चढायला आता कुणाला तरी बोलवावं लागतं.

तुझा बाप

११ मार्च

ठके,

तुझी आत्या आली होती, तिला स्टूल धरायला लावून डबा काढला. ती म्हणाली, "तसाच बांधून पाठवून दे की, उघडतोस कशाला?" मी उघडला. मला कुजकं काय आहे ते पाहिल्याशिवाय राहवत नाही.

काय ते ध्यान! हात एकीकडे, धड एकीकडे. डोकी सगळ्यात वाईट. मला वाटलं होतं डोकी भरीव असतील. नाही, वरची टाळू झाकणासारखी निघते आणि आत बघावं तर डोळ्यांच्या मागची बाजू, च्युइंगमसारखं काहीतरी लावून चिकटवलेली. दोघींचे डोळे आत पडले होते, डोकं हलवलं की खुळखुळत होते. आत्याने "शी!" करून तोंड फिरवलं आणि हात धुवायला गेली. मी बसून राहिलो. मी इतक्या लोकांचे तुटलेले, शिवलेले, काळे पडलेले पाय हातात घेतले, मला कधी काही झालं नाही. ह्या स्वच्छ गोऱ्या तुकड्यांवर मात्र मी रुमाल टाकला. रक्त न आलेला तुकडा पाहवत नाही मला.

आणि वास! तू कधी लक्षात घेतलंस का? माझ्या सॉकेटला, कापलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीला, जो वास तोच ह्यांना. तेच रेझिन, थोडं सौम्य. तीस वर्षं तो वास मी साबणाने घासून घराबाहेर ठेवायचा प्रयत्न केला, आणि तू तो वर पैसे मोजून आत आणलास.

बरं, एक सांग. ह्या ठेवून करायचं काय? मी प्रामाणिकपणे विचारतोय. खेळायच्या नाहीत, पोराच्या हाती द्यायच्या नाहीत. उन्हात पिवळ्या पडतात, म्हणजे अंधारात ठेवायच्या. घामट हात लागायला नको. आतलं इलॅस्टिक काही वर्षांत आपोआप कुजतं, म्हणजे मी कापलं नसतं तरी ते तुटणारच होतं. हे मी बचावासाठी म्हणत नाही, वस्तुस्थिती सांगतोय. उभी करावी तर पडते. कपाटात आडवी ठेवली तर मेलेली वाटते. जी वस्तू वापरात येत नाही आणि वाऱ्याने पडते तिला घरात जागा का द्यावी?

हेच मी आमच्या पट्टेवाल्याला विचारलं. तोच तो म्हातारा, चामड्याचे पट्टे शिवतो, तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "साहेब, कामाचं तेवढंच घरात ठेवायचं ठरवलं तर आधी तुम्हाला आणि मला बाहेर काढतील."

त्याला काय जातंय बोलायला.

तुझा प्रश्न राहिला. आईला तो पाय लागत होता का, हे मला माहीत होतं का? हा काय प्रश्न झाला? लागतच होता. साखरेने पाय गेला, गुडघ्याखालून कापावा लागला, मग पाय लागणार नाही तर काय लागेल? लागत होता म्हणून तर केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, माप मी घेतलं, साचा मी काढला, कानससुद्धा मीच मारली. हे तुला माहीत आहे.

तुझा बाप

२३ मार्च

ठके,

तुझं कार्ड मिळालं. ह्या वेळी तर एकच ओळ. "लागणे म्हणजे काय ते तुम्ही दिवसातून वीस वेळा लोकांना विचारता."

ठीक आहे. त्याचं नंतर लिहितो. आधी कामाचं.

तुकडे तसेच पाठवणार होतो. पण मग वाटलं, तुकडे पाठवले तर तू म्हणशील, बापाने जे तोडलं ते तुटलेलंच परत केलं. आणि खरं सांगू का, अकरा जणींचे बावीस हात आणि बावीस पाय एका डब्यात गोळा करून 'घ्या' म्हणायचं, हे माझ्या हाताला पटेना. माझ्या धंद्याला काळिमा आहे तो. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी बसलो. वर्कशॉपमध्ये कुणी नसतं, खिडकीतून उजेड चांगला येतो.

पहिली जोडायला पूर्ण दुपार गेली. आता सरावलोय. आकड्याची बारीक तार करून इलॅस्टिक मानेतून खाली ओढायचं, मांडीतून, गुडघ्यातून, घोट्याला हूक. ताण जास्त झाला की पाय फाडकन वर येतो आणि ती तुम्हाला लाथ मारते. एकीने मारली, चष्म्यावर. ताण कमी पडला की दारुड्यासारखी बसते. मधलं काय ते बोटांना कळतं, सांगता येत नाही. सगळ्या एकसारख्या गोऱ्या दिसतात पण नाहीत. कुणाचा रंग पिवळट, कुणाचा गुलाबी, कुणाच्या तळव्यावर कारखान्याचा बारीक छाप. त्यावरून मी हात आणि पाय लावून घेतले. एकदाच चुकलो, एकीला दोन उजवे हात लागले. तिने ते गुमान लावून घेतले, ह्या बायकांचा हाच एक गुण म्हणायचा.

किळस गेली म्हणशील, तर नाही. उलट आता ती जवळून येते. नखं आहेत, ठके! तांदळाच्या कणीएवढ्या हाताला नखं कोरलीत. कुणी बसून कोरली असतील? त्याला दुसरं काही काम नव्हतं का? गुडघ्याच्या मागची खळीसुद्धा आहे. ती जागा सॉकेटच्या काठाने सोलली जाते म्हणून मी माणसांच्या बाबतीत तिथे अर्धा अर्धा तास घालवतो. इथे ती खळी कशासाठी? कुठे जायचंय हिला?

दहा झाल्या. अकरावीत घोळ झाला. ती सगळ्यात जुनी दिसते, रंग हस्तिदंती झालाय, नाकाचा रंग थोडा उडालाय. तिचा डावा पाय गुडघ्याखालून नाही. सगळा डबा गाळणीने गाळला. घरी माळ्यावर चढून (आत्या नसताना, हे तिला सांगू नकोस) टॉर्चने बघितलं. टेबलाच्या मागे, कपाटाखाली, तीन वर्षांपूर्वी जिथे जिथे उडाला असेल तिथे सगळीकडे. नाही. म्हणजे माझ्या हातूनच गेला, झाडूबरोबर.

तिच्या अंगात निळ्या चौकड्यांचा पायजमा आहे. तू शिवलास ना? हात छान आहे, पण डाव्या पायाला आळस केलास, कापड गुडघ्यापाशी दुमडून टाके घालून टाकलेत. ते टाके मी ब्लेडने उसवले आणि कापड इस्त्री करून सरळ केलं, कारण पाय घातल्यावर लांबी पुरायला हवी.

हो, पाय करतोय. उजव्या पायाचा साचा काढून उपयोग नाही, तो उलटा येतो. नवख्यांची ही पहिली चूक असते. उजव्यावरून माप घेऊन डावा कोरायचा. पट्टेवाल्याकडून त्याचं भिंग आणलं. तो म्हणाला, "एवढा छोटा पेशंट पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, तक्रार करत नाही हे काय थोडं आहे?

तुझा बाप

२९ मार्च

ठके,

आज पार्सल टाकलं. एकेकीला कापसात गुंडाळून, मधे पुठ्ठा घालून. 'आडवं ठेवू नये' असं बाहेर लिहिलंय, पोस्टवाले ऐकतील तर.

अकरावीकडे नीट बघ. डावा पाय मी केलाय हे तुला सांगितलं नसतं तर कळलं नसतं. भिंगाखाली सहा दिवस गेले. रंग जुळवायला चहाच्या पाण्यात बुडवला. गुडघ्याच्या मागे खळीही कोरली, आता म्हणशील तुम्हीच विचारत होतात कशासाठी! ती आता दोन्ही पायांवर उभी राहते, टेकू न देता. बाकीच्या दहा जणींना ते जमत नाही. पट्टेवाल्याने बघून मान हलवली, आणि तो माझ्या कामाला मान हलवत नाही हे तुला माहीत आहे. मला बरं वाटलं. किळस वगैरे सगळं खरं, पण काम झालं की बरं वाटतंच.

आता तुझं उत्तर.

नाही. मला माहीत नव्हतं.

तुझी आई कधी बोलली नाही. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने, ती काही मुकी नव्हती. आणि तू स्वतः बघितलंयस ती कशी चालायची. नवा पेशंट आला, पायाला घाबरला, रडायला लागला, की मी तिला वर्कशॉपमध्ये बोलवायचो. "जरा चालून दाखव ह्यांना." ती दोन दांड्यांच्या मधून, दांड्यांना हात न लावता जायची आणि वळून यायची. पेशंट म्हणायचे, ह्या बाईंना तर खरेच दोन पाय आहेत! किती लोक तिच्याकडे बघून उभे राहिले. तिला त्याचा अभिमान होता. लागत असतं तर अशी चालली असती का कुणी? चार वर्षं? तूच सांग.

शेवटी ती मूत्रपिंडांनी गेली, पायाने नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं.

खरं लिहा म्हणालीस, लिहिलं. आता तू शब्द दिलायस. कधी येतेस ते कळव, म्हणजे तुझ्या खोलीतली मशीनची खोकी हलवून ठेवतो.

तुझा बाप

१२ एप्रिल

ठके,

पाकीट आलं. हाताला कडक लागलं म्हणून मी आधी दाबून बघितलं. वाटलं, किल्ली असेल, तुझ्या नव्या घराची. फाडलं तर टेबलावर तो पाय पडला. माझा. मी केलेला.

आमच्या धंद्यात पाय परत येतो तो दोनच कारणांनी. एक तर माणूस गेलं म्हणून घरचे आणून देतात, पुसून, कागदात गुंडाळून. नाहीतर पाय लागतोय म्हणून माणूस स्वतः चिडून घेऊन येतो. बाहुलीचा पाय परत आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तुझं पत्र तोंडपाठ झालंय. "अकरावी माझी नाही. आईची आहे. तिने मागवली तेव्हा बाहुलीला दोन्ही पाय होते. डावा तिने स्वतः काढला आणि पायजमा दुमडून स्वतः शिवला. तुम्ही कामावर गेलात की ती आपलाही पाय काढून कोपऱ्यात उभा करायची, आणि दोघी खिडकीशी बसायच्या. बाकीच्या दहा मी नंतर घेतल्या, तिला सोबत म्हणून. हा पाय तुमचा आहे, परत घ्या."

येण्याबद्दल एक अक्षर नाही.

मला आधी संताप आला. लिहूनच टाकतो, नाहीतर आत कुजेल. मला तुझा राग आला, तिचा राग आला. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे दोन बायका पाय काढून बसतात आणि मी आलो की त्यातली एक लावते, जसं मी कुणी साहेबच आहे, तपासणीला आलेला! मला सांगायला काय झालं होतं? मी वाघ होतो का? मग तो पाय मुठीत धरून मी वर्कशॉपला गेलो आणि पट्टेवाल्याच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, बघा, फुकट गेली मेहनत.

त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "वहिनींची होती का ती?"

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत?

"निळा चौकड्याचा पायजमा ना? वहिनी माझ्याकडे कापड मागायला आल्या होत्या. माझ्या जुन्या शर्टाचं दिलं मी. ह्याच स्टुलावर बसून शिवला त्यांनी, तुम्ही आत माप घेत होतात तेव्हा. मी विचारलं, एक पाय दुमडला का? तर म्हणाल्या, हिला कुणी चालायला सांगत नाही." मग तो पुन्हा शिवायला लागला. एवढं माहीत असून पाय कोरताना तो मला बोलला नाही, भिंग दिलंन् वर. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही कधी कुणाचं ऐकून काम थांबवलंय का?"

तर असं आहे. तीस वर्षं पाय बसवणाऱ्या माणसासमोर एक बाहुली आली, डावा पाय गुडघ्याखालून नाही, कापड नीट दुमडून शिवलेलं. आणि त्याला काय वाटलं? पाय हरवलाय. टाके उसवून टाकले त्याने. तुझ्या आईच्या हातचे टाके, ब्लेडने. मी ते शिवलेलं कापड डोळ्यांनी पाहिलं, भिंगातून पाहिलं, आणि मला आळस दिसला.

कालपासून जेवण जात नाही. ह्या वेळी किळस त्या बाहुल्यांची नाही.

तू मागे न विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर मात्र मला मिळालं. असल्या वस्तू ठेवण्याजोग्या आहेत का, असं मीच लिहिलं होतं. दहांचं मला अजून माहीत नाही, त्या तुझ्या, तू बघ. अकरावीचं माहीत आहे. घरात चार वर्षं तुझ्या आईला एकच जण भेटली जिच्यासमोर पाय लावून बसावं लागलं नाही. तेवढ्यासाठी मी असल्या शंभर ठेवल्या असत्या, खुळखुळत्या डोळ्यांसकट. आता म्हणायला काय जातंय म्हणा.

पायजमा परत दुमडून घे. टाके तुझे असले तरी चालतील. माझे नकोत.

बाबा

१३ एप्रिल

ठके,

कालचं पत्र टाकून आलो आणि पेटीत हात घालून परत काढता येईना. त्यात मी सगळं लिहिलंय असं वाटेल तुला. नाही लिहिलेलं. वाचून कदाचित तुला माझी दया येईल आणि तू निघशील. तशी येऊ नकोस. म्हणून हे त्याच्यामागोमाग.

मला माहीत होतं.

पाय बसवून दुसरा महिना चालू होता. भर दुपारी मी घरी आलो, मापाची टेप राहिली होती. तू कामावर होतीस. ती आतल्या खोलीत पडली होती. मागच्या दोरीवर मोठा टॉवेल वाळत होता आणि त्याच्या खालून काहीतरी डोकावत होतं. टॉवेल उचलला. पायाच्या उरलेल्या भागावर घालायचा तो मोजा होता, तिने धुतलेला. डाग गेला नव्हता. नडगीच्या टोकाशी, रुपयाएवढा, कडेला तपकिरी आणि मधे अजून लाल.

दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, मला कळलं. कुठे लागतंय, किती लागतंय, कशामुळे लागतंय. साच्यावर त्या जागी प्लास्टर चढवायचं असतं, हाडाला जागा मिळावी म्हणून. मी कमी चढवलं होतं. सॉकेट सुबक दिसावं, बारीक दिसावं म्हणून. पुढच्या आठवड्यात बाहेरचे मोठे डॉक्टर माझी नवी पद्धत बघायला येणार होते, आणि ती त्यांना चालून दाखवणार होती. सॉकेट पुन्हा करायचं म्हणजे तीन दिवस, आणि 'घरच्या माणसाचाच बिघडला' असं सगळ्यांसमोर मान्य करणं. म्हटलं, डॉक्टर जाऊ देत, मग करू.

डॉक्टर आले. ती चालली. टाळ्या वाजवल्या त्यांनी. त्यानंतर मी केलं नाही. केलं असतं तर आधी का नाही केलं ते सांगावं लागलं असतं. एक महिना गेला की दुसरा महिना जास्त सोपा जातो, हे मला तेव्हा कळलं. परक्या माणसाचं सॉकेट मी सात सात वेळा फोडून नवं केलंय, दिवसातून वीस वेळा लागतंय का विचारलंय, तू लिहिलंस तसं. तिला एकदाही विचारलं नाही. ती हो म्हणेल म्हणून.

मागच्या महिन्यात 'नाही' लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्याआधी शब्दाचा खेळ केला, तोही जाणूनबुजून.

आणि त्या दुपारी मी काय केलं तेही लिहितो, म्हणजे तुला कधी दुसऱ्याकडून कळायला नको. मोजा होता तसा ठेवला. टॉवेल त्याच्यावर सरळ केला, दोन्ही काठ जुळवून, जणू मी काही पाहिलंच नव्हतं. मग आत जाऊन म्हटलं, "उठलीस का? चहा टाक ना." ती म्हणाली, "आले, दोन मिनिटं." मी टेबलाशी बसून वाट बघितली. दोन मिनिटांनी ती आली, पाय लावून, आणि तिने चहा टाकला.

बाबा